बटाटा

उकडलेला बटाटा खाताना बाबांची कॅप फुटली.
बटाटा, ते पुन्हा सांगतात, लोण्यासारखा मऊ,
आणि काडेपेटी माझ्यापुढे सरकवतात.
आत कापसावर दोन शकलं,
एक करंगळीच्या नखाएवढं, दुसरं त्याहून लहान.
ओव्हारहून पोर्तोपर्यंत गाडीभर खिशावर हात ठेवून आणलीत,
कारण लेक फोडायचाच पगार घेते.

खोटं नाही ते.
चौथ्या मजल्यावर, जिथून दोरू नदी चिंधीएवढी दिसते,
आमचं यंत्र रात्रंदिवस चावत असतं.
कोमट पाण्यात कॅप, वरून पोलादी गोळी,
खट, खट, लाख वेळा, दहा लाख वेळा,
ना भूक, ना चव.
कॅप तीच, भट्टी तीच, जाडीही तीच.
मी बदलते तो फक्त खालचा लेप.

जस्ताचं जुनं सिमेंट खाचाखोचांत रुतून बसतं,
पण काचेशी सोयरीक करत नाही,
भाडं देतं आणि आपल्या खोलीत राहतं.
राळेच्या सिमेंटचे लाड फार:
आधी कॅपची आतली बाजू आम्लाने चरबरीत करा,
धुवा, वाळवा, सिलेनचा हात फिरवा,
मग ते एकेका ओरखड्यात उतरतं,
निळ्या दिव्याखाली घट्ट होतं,
आणि काच, राळ, दात मिळून एकच ओझं वाहतात.
काचेच्या कॅपा जस्तावर लवकर जातात, राळेवर उशिरा.
झिर्कोनियाला याचं फारसं सोयरसुतक नसतं,
तो मुळातच दांडगा.

बाबांची काचेचीच होती.
आईने हट्ट धरलेला,
हसताना दिसणारी दाढ, दातासारखीच दिसू दे.
आणि म्हाताऱ्या डॉक्टर एर्मेनेजिल्दुंनी
हाताला वळण होतं तसं
थंड काचेवर जस्त कालवलं.
कुणाला बोल लावू? आईही आता नाही.

मोठं शकल भिंगाखाली धरते.
तड्याच्या रेषा उलट्या वाचायच्या असतात,
ओल्या वाळूवर माणूस कुठून आला ते पाहावं तशा.
त्या वरून येत नाहीत, जिथे बटाटा होता तिथून.
त्या खालून निघाल्यात, आतून,
जिथे लेपात एक बुडबुडा राहून गेला होता.
त्या पोकळीवर काच दर घासाला
केसाच्या शंभराव्या भागाइतकी वाकत होती.
सात वर्षं.
बटाटा फक्त शेवटचा.

पडद्यावर दाखवते. बाबा जवळ येतात,
बोट मुडपतात आणि टेबलावर ठोकतात. टक.
पन्नास वर्षं ओव्हारच्या घरांच्या निळ्या फरशा
त्यांनी अशाच ठोकून तपासल्या,
समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून.
भरीव. भरीव. भरीव. पोकळ.
"फरशी पडत नसते, मिकास," ते म्हणतात,
"मागचा चुना तिला सोडतो."

मला वाटलं, झालं, समजलं त्यांना.
मी नव्या कॅपचं सांगू लागते, राळेचं,
बाबा विचारतात,
"मग ती कधी काढावी लागली तर?"
निघणार नाही, मी जरा तोऱ्यातच म्हणते.
कापावी लागेल, भुगा करून.

ते गप्प.
मग सांगतात त्या लोकांबद्दल
ज्यांनी चुन्याऐवजी पक्कं सिमेंट लावलं.
भिंत खचली, घर विकलं, घराला नवा मालक आला,
पण त्यातली एकही फरशी
ते कधी अख्खी उतरवू शकले नाहीत.
"चुन्यातली मी हातात घ्यायचो.
मागे कारागिराच्या अंगठ्याचा ठसा असायचा."

यंत्र चावत राहतं. माझ्याकडे त्यावर
कुठलाही आलेख नाही.

"राळच लाव," ते शेवटी म्हणतात,
"या वयात कोण उतरवणार आहे."
पण शकलं परत मागतात,
काडेपेटीत कापूस नीट दाबतात,
आणि जिना उतरताना भिंतीवर बोट वाजवत जातात.
भरीव. भरीव.
मग बराच वेळ काहीच ऐकू येत नाही.